ताईच्या दहावीचा भूगोल

आमची ताई यंदा दहावीला आहे. आमच्या घरात दहावीला बसणारी ती पहिलीच. आई सातवीपर्यंत शिकली, आजी तर शाळेतच गेली नाही. म्हणून सगळ्यांचे लक्ष ताईच्या अभ्यासाकडे असते. भूगोलाचा लेखी पेपर ४० गुणांचा असतो आणि तिला त्याचीच भीती वाटते. रोज रात्री जेवण झाले की ती पुस्तक माझ्या हातात देते आणि म्हणते, "विचार." मी प्रश्न विचारतो. त्यामुळे मलापण बरेच समजले. ते येथे लिहितो.

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील हे दोन देश आहेत. ब्राझील दक्षिण अमेरिकेत आहे. पेपरात 'भौगोलिक कारणे लिहा' असा प्रश्न येतो. तो पाठ करून येत नाही, कारण समजावे लागते. ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस फार कमी पडतो. तिथे एक 'अवर्षण चतुष्कोन' आहे. हा शब्द म्हणताना जीभच वळत नाही! ताईने त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा आजी चुलीजवळ बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी आपल्या माणदेशावानीच की गं!"

आजीचे बरोबर होते. आपल्याकडे पावसाळ्यात वारे अरबी समुद्रावरून येतात. वाटेत सह्याद्री आडवा येतो. वारे वर चढतात, थंड होतात आणि पाऊस तिकडेच पडतो. (भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी धरते ना, तसेच.) महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. डोंगर उतरून वारे आमच्याकडे येतात तेव्हा त्यांत पाणी उरलेले नसते. आमच्याकडे ५०० च्या आसपास पडतो, कधी तोही नाही. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया म्हणजे सावली, पण आमच्याकडे ऊनच जास्त.

ब्राझीलमध्ये वारे अटलांटिक महासागरावरून, म्हणजे पूर्वेकडून येतात. किनाऱ्याजवळ उंच कडा आहे, त्याला 'अजस्र कडा' म्हणतात. तो वारे अडवतो आणि त्याच्या पलीकडे कोरडे राहते. दिशा उलटी, कारण तेच. आता ताई हे उत्तर न अडखळता लिहिते.

नद्यांचेही असेच आहे. आमच्या ओढ्याचे पाणी माणगंगेत जाते. माणगंगा भीमेला मिळते, भीमा कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र साधारण ६५ किलोमीटर आहे. तरी ती तिकडे न जाता पूर्वेकडे १४०० किलोमीटर जाते, कारण जमिनीचा उतार पूर्वेकडे आहे. ॲमेझॉनपण अशीच आहे. ती पेरू देशात अँडीज पर्वतात उगम पावते. तिथून पॅसिफिक महासागर जवळ आहे, पण ती सगळा ब्राझील ओलांडून अटलांटिकला मिळते.

नकाशाच्या प्रश्नात गुण मिळतात, पण सवय पाहिजे. ताई ओट्यावर खडूने ब्राझीलची बाह्यरेषा काढते. मी गावाचे नाव सांगतो, ती तिथे चिंचोका ठेवते. मनौस उत्तरेला, ॲमेझॉनच्या खोऱ्यात. रिओ दी जानेरो आग्नेय किनाऱ्यावर. मग मी पुस्तकात बघून खूण करतो. पेपरात खुणा दाखवल्या की सूची करायचीच. भारताची शहरे आम्हांला सोपी जातात, कारण आमच्या भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेलेली आहेत. कोणाचे काका कुठे, एवढे आठवले की झाले.

२०२० साली कोरोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता. मी ताईला तसे म्हटले तर ती माझ्यावरच ओरडली. तिला पेपर द्यायचाच आहे.

मला सर्वांत आवडते ते वेळेचे गणित. पृथ्वीला एक रेखावृत्त फिरायला ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर धरतात, ब्राझीलची ४५ अंश पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला आहे, म्हणून बेरीज करायची. झाले साडेएकशे सत्तावीस. गुणिले ४, म्हणजे ५१० मिनिटे, म्हणजे साडेआठ तास. ब्राझील आपल्या मागे आहे. ताईचा पेपर सकाळी ११ वाजता सुरू होईल, तेव्हा ब्रासिलियात रात्रीचे अडीच वाजलेले असतील आणि तिकडची दहावीची मुले गाढ झोपलेली असतील.