पोरीच्या डान्स क्लासला कर्ज द्यायचं का?



मागच्या महिन्यात आपल्या माजलगाव तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला बसले होते. कर्जमागण्या चालू होत्या. शेळी, पिको मशीन, दवाखाना. मग एक ताई हळूच म्हणाल्या, "मला सहा हजार पाहिजेत. पोरीच्या डान्स क्लासला." दोघीतिघी हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "काय करायचंय नाचून? तमाशात धाडतीस का?" ताई गप्प झाल्या. मागणी वहीत लिहिलीच गेली नाही.

कर्ज द्यायचं की नाही, हा गटाचा अधिकार. पण माहिती न घेता 'नाही' म्हणणं हे चौकशी न करता कर्ज देण्याइतकंच चूक आहे. म्हणून या महिन्याचा पाठ नाचाच्या शिक्षणावर आणि कमाईवर.

आधी तमाशाचं बोलू

वाईच्या यमुनाबाई वाईकर यांनी जन्मभर लावणी गायली, अदा केली. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, पण 2002 साली त्या गेल्या तेव्हा हाताशी पैसा नव्हता. आज त्यांच्याच नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. यातून शिकायचं ते हे, की कला मोठी असली तरी बचत आणि म्हातारपणाची सोय लागतेच. ते तर आपल्या गटाचंच काम आहे.

(तुमच्या गावात वयस्कर लोककलाकार असतील, तर ज्येष्ठ कलाकारांच्या मानधन योजनेची पंचायत समितीत चौकशी करा.)

कंटेम्पररी म्हणजे काय?

टीव्हीवर पोरं अनवाणी, जमिनीवर लोळून, उड्या घेऊन एखादी गोष्ट सांगतात, ते समकालीन नृत्य. क्लासवाले त्याला कंटेम्पररी म्हणतात. बघायला मोकळं वाटतं, पण त्याच्यामागं वर्षांची तयारी असते.

अस्ताद देबू यांचं उदाहरण घ्या. आपल्या देशात समकालीन नृत्याची वाट पाडणाऱ्यांपैकी ते एक. लहानपणी कथक शिकले, मुंबईत कॉमर्सची पदवी घेतली, परदेशात जाऊन आधुनिक नृत्य शिकले, पुढं कथकलीही शिकले. एवढं शिकून नाचले आणि शिकवलंही. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवलं, रस्त्यावर वाढलेल्या मुलांबरोबर काम केलं. 2007 साली पद्मश्री मिळाली. 2020 साली मुंबईत वारले. म्हणजे पाया आधी, नवीन नाच नंतर, आणि शिक्षण सोडायचं नाही.

शिकायची पायरी कशी?

गावाकडच्या पोरीनं कथक किंवा भरतनाट्यमपासून सुरुवात केली तर हातात कागद राहतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रभर मानल्या जातात. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद. प्रारंभिक सोडली तर बाकीच्यांचे प्रथम आणि पूर्ण असे दोन दोन टप्पे. एकूण सात परीक्षा. वर्षाला एक धरली तरी सात वर्षं. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. सध्याचा नियम शाळेत विचारून घ्या.

पुढं आपल्याला जवळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं महागामी गुरुकुल, तिथं कथक आणि ओडिसी शिकवतात. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात आणि मुंबईच्या नालंदा नृत्यकला महाविद्यालयात नृत्याची पदवी घेता येते. समकालीन नृत्यासाठी बंगळुरूची अट्टक्कलरी ही संस्था नावाजलेली आहे.

पैसे कुठून येतात?

खरं सांगते, नुसतं स्टेजवर नाचून घर चालवणारे फार थोडे. बहुतेकांचं पोट शिकवण्यावर चालतं. स्वतःचा क्लास, शाळेचं स्नेहसंमेलन बसवणं, लग्नाच्या संगीताचं काम. पण सिझन संपला की हात रिकामा, अगदी ऊसतोडीसारखं. म्हणून सिझनमध्येच बाजूला टाकावं लागतं.

आणखी एक वाट आहे, नृत्याच्या मदतीनं मनाचे उपचार. कोलकाता संवेद ही संस्था अत्याचारातून सुटलेल्या मुलींसोबत हे काम करते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्यांच्यासोबत याचा पदविका अभ्यासक्रम चालवला. समाजकार्य शिकताना मला हे कळलं, तेव्हा नाचाकडं बघायची माझी नजरच बदलली.

फी भरण्याआधी तपासा

1. शिक्षक स्वतः कुठं, किती वर्षं शिकले? प्रमाणपत्र दाखवतात का?
2. आधी अंग मोकळं करून घेतात का? नुसत्या फरशीवर उड्या मारायला लावल्या तर गुडघे जातात.
3. क्लासमध्ये पालकांना कधीही येऊन बसता येतं का? पोरीचे व्हिडिओ विचारल्याशिवाय टाकत नाहीत ना?
4. फी महिन्याची घेतात की वर्षाची एकदम? पावती देतात का?
5. "टीव्ही शोमध्ये निवड झाली, पैसे भरा" असा फोन आला तर एक रुपयाही भरू नका. आधी गटात दाखवा.

बैठकीत चर्चेसाठी

पोराच्या क्रिकेटच्या किटला आपण कर्ज दिलं तेव्हा कुणी हसलं होतं का? सहा हजार एकदम देण्यापेक्षा तीन महिन्यांची फी देऊन पोरगी किती टिकते ते बघावं का? बारावीनंतर "आता लग्नच" म्हणण्याआधी, शिकवून चार पैसे मिळवायची तिला एक संधी द्यावी का?

नाचून सगळ्याच पोरींचं भलं होईल असं मी म्हणत नाही. पण शिकवायला लागलेली पोरगी आपल्या पायावर उभी राहते, आणि अशा पोरीचं लग्न घाईनं उरकायला घरचेही जरा थांबतात.

त्या ताईंची मागणी या महिन्यात वहीत लिहा. मग हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण कारण लिहून म्हणा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक