मॅच किती राहिली, एवढे विचारा

आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. विजेचा भार वाटून घेण्यासाठी वारांची जी वाटणी झाली होती, तिच्यातून ती आली आणि पिंपरी-भोसरीत पक्की झाली. शाळेची सुट्टी मात्र रविवारी. म्हणजे बाबा घरी असतात तेव्हा मूल शाळेत आणि मूल घरी असते तेव्हा बाबा लाइनवर. त्यात शिफ्ट बदलत राहते. थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी आलेल्या माणसाला झोप हवीच, आणि मोशी-चिखलीतल्या वन आरकेमध्ये झोपायची खोली आणि खेळायची खोली एकच असते. "बाबा झोपलेत, आवाज करू नको," हे वाक्य न ऐकलेले मूल माझ्या वर्गात शोधून सापडणार नाही. मग मुलाच्या हातात फोन येतो, कानात इअरफोन जातात आणि घर शांत होते.

आई-बाबांनो, मी याच भागातल्या मुलांना संगणक शिकवते, आणि पालक फोनची तक्रार घेऊन आले की मी बोलायला इथूनच सुरुवात करते. फोन मुलाने हिसकावून घेतलेला नाही. आपल्या घरांना त्याची गरज होती म्हणून तो दिला गेला. दोन खोल्यांचे भाडे, गावाकडे पाठवायचे पैसे, आईचे शिवणकाम किंवा तिची स्वतःची शिफ्ट, या सगळ्यात फोनने घराला हात दिला, हे मान्य करायला लाज कसली? फक्त तो दिल्यावर त्यात काय चालते हे बघायचे राहून गेले, आणि आता ते बघायचे आहे.

कंपनीत नवे मशीन आले की ते चालते कसे, थांबवायचे कुठून, हात कुठे घालायचा नाही, एवढे कळल्याशिवाय कोणी त्यावर उभे राहत नाही. मुलाचा खेळ तसाच समजून घ्या. बीजीएमआय या फोनवरच्या लढाईच्या खेळाचेच बघा. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. चौघांचा एक स्क्वाड असतो. सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि शेवटपर्यंत जो उरेल तो जिंकतो. पूर्ण मॅच पंचवीस-तीस मिनिटे चालते आणि ती मध्येच थांबवून ठेवता येत नाही, कारण पलीकडे खरी माणसे खेळत असतात. आता आई ताट वाढून हाक मारते. नेमके तेव्हा शेवटचे वर्तुळ सुरू असते. मुलगा उठला तर तिघा मित्रांचा डाव मोडतो आणि रँक खाली येते. तो "आलो, आलो" म्हणत बसून राहतो. आईला वाटते हा ऐकत नाही, त्याला वाटते आईला काही कळत नाही, आणि रोज रात्री त्याच वेळी तेच भांडण होते.

"मॅच किती राहिली?" असे विचारून बघा. तो "दहा मिनिटं" म्हणाला तर दहा मिनिटे द्या, आणि पुढची मॅच लावायची नाही हे त्याच वेळी सांगून ठेवा. ज्या घरांनी हे केले तिथली आरडाओरड कमी झालेली मी पाहिली आहे. नियम तोच राहतो, पण खेळ काय असतो हे आपल्या माणसांना ठाऊक आहे, हे मुलाला जाणवते. दुसरे म्हणजे स्क्वाडमध्ये कोण कोण आहे ते विचारा. चाळीतल्या, सोसायटीतल्या मित्रांची नावे आपल्याला पाठ असतात. मुलगा ज्यांच्याशी रोज दोन तास माइकवर बोलतो, त्यांतली एक तरी व्यक्ती तुम्हाला ठाऊक आहे का?

खेळ बनवणाऱ्यांनी काही बंधने घातलेली आहेत. बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. पण खाते बाबांच्या नंबरवर असते आणि जन्मसालही बाबांचेच टाकलेले असते. मग मर्यादा लागणार कोणाला? सरकारी बंदीनेही हे काम होत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी बंद झाला आणि 2021 च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय हे नवे नाव घेऊन परत आला. मुले तोपर्यंत दुसरे खेळ शिकून मोकळी झाली होती.

आता जड विषयाकडे येते. जुलै 2024 मध्ये किवळ्यातल्या एका शाळकरी मुलाने आपले आयुष्य संपवले. त्याच्या कागदांत खेळातल्या आकृत्या सापडल्या आणि शहरभर त्याचीच चर्चा झाली. त्याआधीच्या काही महिन्यांत मुलगा बदलत गेला होता, हे त्याच्या आईने एवढ्या दुःखातही माध्यमांसमोर येऊन सांगितले. इतर मुलांसाठी सांगितले. त्या घराबद्दल बाहेरून निवाडा देण्याचा अधिकार कोणालाही नाही. एका मृत्यूमागे एकच कारण असते असेही नाही. पण त्यानंतर माझ्या ओळखीच्या काही घरांत फोन थेट कपाटात गेले, आणि मुलाला काय होते आहे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. याची मला जास्त काळजी वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या यादीत, गेमिंगच्या विकाराला जागा दिली आहे. त्याची कसोटी नुसत्या तासांची नाही. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्या गोष्टींच्या वर खेळ जाणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर चालू असणे, अशी ती आहे. रविवारी तीन तास खेळून संध्याकाळी खाली क्रिकेटला जाणारा मुलगा आजारी नाही. पण झोप उलटी झाली, जेवण सुटले, जुने मित्र तुटले, पूर्वी कधी नव्हता इतका राग येऊ लागला, तर मदत घ्यायला वर्षभर वाट बघायची गरज नाही. आणि मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर त्याच क्षणी त्याच्याजवळ बसा, त्याला एकटे सोडू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते. हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

पैशांबद्दल बोलताना आधी घरातल्या मोठ्यांकडे बघावे लागते. ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाने क्रिकेटच्या ऑनलाइन खेळात दीड कोटी रुपये जिंकले आणि काही दिवसांतच ते निलंबित झाले. माझ्या वर्गातल्या मुलांना दीड कोटी पाठ होते. निलंबन फार थोड्यांना माहीत होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यात रमी आली आणि फँटसी क्रिकेटही आले. तरी परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या लिंका टेलिग्रामवर फिरतातच. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर कोणी पगारातले किती घालवले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मुलाने खेळात विकत घेतलेले तीनशे रुपयांचे डायमंड पकडण्याआधी आपल्या फोनमध्ये काय चालले आहे, ते त्याला दाखवता येईल असे असले पाहिजे.

आणि आता फुकटच्या फाइली. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याची, कारण आपल्या घरांत ही चोरी मानलीच जात नाही. 2016 मध्ये 'सैराट' थिएटरात गर्दी खेचत होता, त्याच दिवसांत त्याची नक्कल मेमरी कार्डवर भरून मिळत होती. ते कार्ड मुलासमोर घरी आले आणि सगळ्यांनी मिळून पाहिले. पुढे कार्डाची जागा टेलिग्रामने घेतली. मुलाने बाबांना तिथून पिक्चर उतरवताना पाहिले, आणि तो स्वतः तिथून खेळ उतरवायला शिकला.

एका सातवीतल्या मुलाने मला हे सगळे करून दाखवले. चॅनेलवर 'अनलिमिटेड डायमंड'ची एपीके, म्हणजे ॲपची फाइल, होती. फाइल उतरली. ती धोकादायक असू शकते असे फोनने सांगितले, त्याने ते बाजूला सारले. अनोळखी ठिकाणची ॲप टाकायची परवानगी मागितली, त्याने दिली. सूचनेत लिहिले होते म्हणून प्ले प्रोटेक्ट हे फोनचे संरक्षण बंद केले. मग ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. खेळाला मेसेज कशाला वाचायचे आहेत, असे मी त्याला थांबवून विचारले. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. फोन बाबांचा होता आणि त्यात पगाराचे खाते होते, यूपीआय होते. बँकेचा ओटीपी मेसेजमधूनच येतो, हे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. आम्ही ती फाइल तिथेच काढून टाकली. डायमंडचा हिशेब फोनमध्ये नसतोच, तो कंपनीच्या सर्व्हरवर असतो. फोनमधली कुठलीही फाइल तो वाढवू शकत नाही. म्हणजे त्याला मिळणार काहीच नव्हते, जायचे तेवढे गेले असते. मोठी माणसे ज्या लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतुकीच्या दंडाच्या खोट्या एपीकेला फसतात, तिची रीतही हीच आहे.

समजा पैसे गेले. खात्यातून रक्कम उडाली हे कित्येकदा मुलालाच आधी कळते, कारण फोन त्याच्या हातात असतो. पण चोरून काही उतरवलेले मूल सांगत नाही. मार बसेल, फोन जाईल, "तरी मी सांगत होते" ऐकावे लागेल. ते मेसेज पुसून टाकते आणि गप्प बसते. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार गेली तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ती दहा खात्यांत पांगते. मुलाच्या भीतीत ते तास निघून जातात. कोणी अनोळखी माणूस फोटो मागून धमकावत असेल तेव्हाही असेच होते, आणि तिथे पैशांपेक्षा कितीतरी जास्त जाते. म्हणून आज, काहीही घडलेले नसताना, मुलाला सांगून ठेवा: काहीही केले असलेस तरी आधी मला सांग, रागावायचे ते मी नंतर बघीन. मुलगी असेल तर तिला दोनदा सांगा. आणि ज्या दिवशी ते येऊन सांगेल त्या दिवशी दिलेला शब्द पाळा. त्या दिवशी हात उचललात तर पुन्हा ते तुमच्याकडे येणार नाही.

फुकटच्या फाइलींची सवय पुढेही सुटत नाही. आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंगला असलेल्या मुलांकडे डिझाइनच्या सॉफ्टवेअरची क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवून चालणारी नक्कल, असते. महागडे लायसन्स कंत्राटी कामगाराच्या घराला परवडत नाही, हे मला पूर्ण ठाऊक आहे, आणि त्या मुलांना चोर म्हणणे मला जड जाते. पण क्रॅकसोबत आलेल्या सूचनेत बहुतेक वेळा पहिली ओळ अँटिव्हायरस बंद करा अशी असते, आणि उद्या हीच सवय घेऊन मुलगा भोसरीतल्या एखाद्या टूलरूममध्ये लागतो, जिथे त्याच कॉम्प्युटरवर मोठ्या कंपनीची ड्रॉइंग असतात. नकली सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मालक त्या वेळी क्रॅक कोणी टाकली तेच विचारेल. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर अधिकृतपणे मोफत मिळतात. फ्रीकॅड तर सगळ्यांनाच मोफत आहे. हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, तुम्ही सांगा.

खेळ बनवणारी माणसे फार लांब राहतात, असाही मुलांचा समज असतो. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने 'राजी' नावाचा खेळ केला. दैत्यांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडले नाही. खेळ 2020 मध्ये आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या खेळाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. मी ही हकिकत वर्गात सांगते. आपल्याकडच्या माणसांनी वर्षानुवर्षे खपून केलेली वस्तू फुकट उचलायची का, असे विचारते. मुले गप्प होतात, मग आपसांत वाद घालतात. काही जण मधल्या सुट्टीत येऊन विचारतात, "मॅडम, खेळ बनवायला काय शिकावं लागतं?"

त्यांना खेळ बनवायचे सॉफ्टवेअर दाखवा, आधी स्क्रॅच आणि थोडी मोठी झाली की गोडो. दोन्ही मोफत आहेत, आणि स्क्रॅच तर जुन्या कॉम्प्युटरवरही चालते. आठवीतल्या एका मुलीने स्क्रॅचमध्ये कंपनीच्या बसचा खेळ केला आहे. तळेगाव चौकातल्या ट्राफिकमधून बस काढायची आणि सातच्या पंचिंगआधी गेटवर पोचवायची. शाळेत पालक आले तेव्हा तिने तो वडिलांना खेळायला दिला. ते तीनदा हरले, आणि मग तिच्या शेजारी स्टूल ओढून बसून सांगू लागले की ट्रेलर वळताना दोन लेन खातो, तुझा ट्रेलर फार लहान झालाय, तो वाढव.