सोलेनॉइड बदलण्यापूर्वी

स्वयंचलित गिअरपेटीची जुनी मोटार थंड असताना सुरळीत चालते, परंतु तापल्यावर गिअर बदलत नाही, असा अनुभव अनेकांस येतो. अशा वेळी संपूर्ण पेटी उतरविण्यापूर्वी सोलेनॉइड तपासावे.

सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्यातून वीज वाहताच आतील दट्ट्या सरकून तेलाचा मार्ग उघडतो अथवा बंद होतो. आपल्या बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे ज्याचे खनिज निघते, त्या तांब्याचा विद्युत्‌रोध उष्णतेने वाढतो. २० अंश सेल्सिअसला १५ ओहम असणारे वेटोळे १०० अंशांस सुमारे २० ओहम दाखविते. एवढ्या वाढीवरून ते निकामी ठरवू नये. मात्र तापल्यावर मंडल पूर्ण तुटत असेल, तर तार भंगली आहे असे समजावे.

बदलताना प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. भक्कम आधार द्यावेत व चाकांना अडणी लावावी. तेल निवल्यावरच तळपात्र काढावे. त्यात धातूचे चुरे आढळल्यास दोष अधिक खोल असून नवे सोलेनॉइड व्यर्थ जाईल. अन्यथा सोलेनॉइड बसवून गॅस्केट बदलावे आणि निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरावे.

मापन आधी, खर्च नंतर, हाच क्रम हितावह होय.