घोरता घोरता श्वास थांबतो, तेव्हा

प्रश्न : आम्ही दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाजवळ राहतो. हे रात्रभर घोरतात, मध्येच एकदम शांत होतात, मग दचकून श्वास घेतात. दुपारी कार्यालयात डुलक्या. काळजीचं आहे का?

उत्तर : हो, ताई. नुसत्या घोरण्यापेक्षा मला ती मधली शांतता जास्त खटकते. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. हा ‘स्लीप ॲप्निया’ असू शकतो. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. संगीतकार बप्पी लाहिरी 2022 मध्ये गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचा उल्लेख केला होता.

एम्समध्ये झोपेची तपासणी होते. तासाला 30 किंवा अधिक वेळा श्वास अडला, तर आजार तीव्र. अशांना सीपॅप यंत्राचा मोठा उपयोग होतो. मास्कमधून येणारी दाबाची हवा घसा उघडा ठेवते. पहिले काही दिवस मास्क नकोसा वाटेल, तरी सोडू देऊ नका. वजन उतरवा, कुशीवर झोपवा. रात्रीची दारू आणि स्वतःच्या मनाने घेतलेली झोपेची गोळी पूर्ण बंद. आणि तपासणी होईपर्यंत, डुलकी येत असताना त्यांना गाडी चालवू देऊ नका.