नीरोची बाजू

शास्त्रपाठ : निर्गम २०:१६, प्रेषितांची कृत्ये २५:१-१२

दोन महिन्यांपूर्वी तरुणांच्या बायबल वर्गात आम्ही प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय घेतला होता. फेस्तापुढे उभा राहून पौल कैसराकडे दाद मागतो, तो भाग. हा कैसर कोण हे मुलांच्या ध्यानी यावे म्हणून आम्ही आमचे नेहमीचे वाक्य टाकले, "रोम जळत असता गच्चीवर बसून फिडल वाजवणारा तो नीरो!" वर्ग हसला. एक मुलगी मात्र हसली नाही. ती बी.ए.ला इतिहास घेऊन शिकते. ती म्हणाली, "काका, त्या काळी फिडल नव्हतीच. आणि आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता." हे कोठून कळले असे विचारता तिने एका इंग्रजी कादंबरीचे नाव सांगितले, आणि वर म्हणाली, "नीरोला उगाच बदनाम केलंय."

आम्ही रागावलो, हे कबूल केले पाहिजे. "ज्याने आपल्या लोकांना जाळले त्याची वकिली तू इथे करतेस?" असे काहीसे बोललो आणि विषय बदलला. घरी आल्यावर मनाला टोचणी लागली. डिप्लोमाच्या वेळची मंडळीच्या इतिहासाची वही शोधून काढली. तिच्यात फिडल कोठेच नव्हती. पंधरा वर्षे आम्ही व्यासपीठावरून जे सांगत आलो, ते शिकलेले नव्हते, ऐकलेले होते.

मुलीचे म्हणणे तपासून पाहिले. फिडल हे वाद्य युरोपात नीरोनंतर पुष्कळ शतकांनी घडले. नीरो वाजवीत असे ते तंतुवाद्य निराळे, आणि त्याचा त्याला नादही फार होता. इ. स. ६४ च्या जुलै महिन्यात रोमला आग लागली तेव्हा तो सुमारे ५० किलोमीटर दूर, अँटियम या आपल्या जन्मगावी होता. आग आपल्या वाड्यापाशी येईपर्यंत तो परतला नाही. पण परतल्यावर त्याने बेघरांसाठी मोकळी मैदाने आणि स्वतःच्या बागा उघडल्या, बाहेरगावाहून धान्य आणवले आणि त्याचा भाव उतरवला. शहराच्या १४ विभागांपैकी ३ जमीनदोस्त झाले, ७ अर्धवट जळाले, फक्त ४ वाचले. पुन्हा बांधणी करताना रस्ते रुंद केले, घरांच्या उंचीवर मर्यादा घातली, दोन घरांना एकच भिंत असू नये असा नियम केला. हे सारे लिहिणारा कोणी नीरोचा भाट नाही. तो टॅसिटस आहे, ज्याला नीरोचा मनापासून तिटकारा होता. आग अपघाताने लागली की बादशहाने लावली याविषयी त्याने निकाल दिलेला नाही. दोन्ही बाजूंनी लिहिणारे लेखक आहेत, एवढेच तो सांगतो. नीरो गात बसला ही गोष्ट तो अफवा म्हणून नोंदवतो. सुएटोनियस आणि डिओ कॅशियस मात्र तीच गोष्ट घडलेली हकिकत म्हणून सांगतात. आगीच्या वेळी टॅसिटस सात-आठ वर्षांचा होता. सुएटोनियस नीरोच्या मरणानंतर जन्मला, आणि डिओ तर त्याहूनही शंभर वर्षांनी.

यापुढचा साक्षीदार आपल्या वाचकांच्या ओळखीचा आहे. यहूदी इतिहासकार जोसेफस तरुणपणी, नीरोच्याच अमदानीत, रोमला गेला होता आणि बादशहाची पत्नी पॉपिया हिच्या मदतीने त्याने काही कैदी याजकांची सुटका करविली होती. पुढे त्याने स्पष्ट लिहून ठेवले की, नीरोविषयी लिहिणाऱ्यांपैकी काहींनी उपकार स्मरून सत्य सोडले, तर काहींनी द्वेषापोटी खोटे रचले. नीरोनंतर वर्षभराच्या यादवीतून नवे राजघराणे गादीवर आले. आधीचा राजा जितका काळा, तितका नवा उजळ दिसतो; हा व्यवहार आपल्याकडच्या गादीच्या भांडणांतही पाहायला मिळतो. सामान्य लोकांत मात्र नीरोच्या थडग्यावर फुले वाहणारे बराच काळ होते.

मग आम्ही ती कादंबरी मागून घेतली. मार्गारेट जॉर्ज या अमेरिकन लेखिकेची ती कादंबरी २०१७ सालची. तिचा दुसरा भाग २०१८ मध्ये आला. याच बाईंनी पूर्वी मग्दालीया मरीयेवरही कादंबरी लिहिली आहे. येथे नीरो स्वतःची कथा स्वतः सांगतो. मधून मधून त्याच्यावर प्रेम करणारी दासी अ‍ॅक्टे बोलते, विष तयार करणारी लोकुस्टा बोलते. मराठी वाचकाला ही तऱ्हा नवी नाही. शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' १९६७ मध्ये निघाले तेव्हापासून कर्ण, कुंती, दुर्योधन आपापल्या तोंडाने आपली बाजू मांडताना आपण ऐकत आलो आहोत. त्याच्या उलट टोकाला पोलंडचा सिएंकिएविच. त्याची 'को व्हादिस' १८९६ साली पुस्तकरूपाने आली, आणि १९५१ च्या चित्रपटामुळे तिच्यातला स्थूल, रडवा, क्रूर नीरो जगभर ठसला. आमच्या डोक्यातला नीरो बहुतेक तोच होता.

जॉर्जबाईंच्या कादंबरीने आम्हांला काय दिले, ते आधी सांगतो. सतरा वर्षे पुरी होण्याआधी गादीवर बसलेला एक मुलगा दिसला. आई अग्रिपिना त्याच्या नावाने राज्य करू पाहते; एका बाजूला सेनेका, दुसऱ्या बाजूला सेनापती बुरस. (हा सेनेका म्हणजे कृत्ये अठरामध्ये पौलाला सोडून देणाऱ्या गल्लियोचा सख्खा भाऊ. आमच्या वर्गात हे कोणालाच ठाऊक नव्हते.) त्याच्या अमदानीची पहिली वर्षे चांगली गेली, हे जुने लेखकही मान्य करतात. पौलाने रोमकरांस पत्र लिहिले ते याच वर्षांत, सुमारे ५७ साली. तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांविषयी तो जे लिहितो ते वाचताना हे लक्षात ठेवावे. पुढे फेस्तापुढे पौलाने यरुशलेमेस जाण्याचे नाकारून कैसराचे न्यायासन मागितले, तेही याच माणसाचे. राक्षसाकडे कोणी दाद मागत नाही.

परंतु येथेच आमचे आणि कादंबरीचे वाटे निराळे होतात. जो आरोपी तोच वकील आणि तोच साक्षीदार, असा तिचा घाट आहे. कानाशी बोलणाऱ्या माणसावर वाचकाची माया बसतेच; त्यात लबाडी नाही, तो कलेचा गुण आहे. पण ५९ साली त्याने स्वतःच्या आईला मारविले आणि ६२ साली पत्नी ऑक्टेव्हिया हिला आधी हद्दपार करून मग ठार करविले, ही कृत्ये आईचा स्वभाव कितीही कठीण ठरविला तरी धुतली जात नाहीत. सावत्रभाऊ ब्रिटानिकसच्या मृत्यूविषयी वाद घालता येईल. या दोन खुनांविषयी नाही.

आणि ख्रिस्ती लोकांचे काय? टॅसिटस सांगतो की आगीचा ठपका आपल्यावरून काढण्यासाठी नीरोने तो ख्रिस्ती म्हटल्या जाणाऱ्यांवर टाकला; कोणाला जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे सोडले, कोणाला क्रूसावर दिले, कोणाला रात्री दिव्यासारखे जाळले. हे नीरोच्याच बागांत घडले. त्या लोकांविषयी टॅसिटसला काडीचेही प्रेम नव्हते, तरी रोमकरांना त्यांची कीव आली हे तो नमूद करतो. २०१५ साली ब्रेंट शॉ या इतिहासकाराने असा छळ झालाच नाही असे मांडले. त्याला इतर विद्वानांनी उत्तरे दिली आहेत. आमचे म्हणणे साधे आहे. नीरो अँटियमला होता हे ज्याच्या शब्दावर आपण स्वीकारतो, त्याचाच शब्द बागेतल्या त्या रात्रीविषयी टाकून द्यायचा असेल, तर तसे सबळ कारण हवे. बदनामांची बाजू घेणाऱ्या लेखकाला नीरो दिसतो. त्या बागेत ज्यांना बोलूही दिले नाही त्यांची बाजू कोणी घ्यायची?

पण याच ठिकाणी आमच्या स्वतःच्या फिडलचाही हिशेब झाला. आम्ही लहानपणी ज्या गावी होतो तेथे बोर्डिंगच्या कुंपणामागे एका शेतकऱ्याची कडब्याची गंजी पेटली. संध्याकाळपर्यंत गावात बोलवा उठली की बोर्डिंगच्या पोरांनी पेटवली. चार दिवस आम्हांला दूध मिळाले नाही. पाचव्या दिवशी कळले की त्याच्याच गड्याची चिलीम तेथे पडली होती. आमची माफी कोणी मागितली नाही. दूध मात्र सुरू झाले. त्या चार दिवसांची आठवण आम्हांला अजून आहे. आगीचा खोटा आळ म्हणजे काय ते रोमच्या ख्रिस्ती लोकांना आमच्याहून फार अधिक कळले होते. त्यांचे नाव सांगणाऱ्या आम्ही, त्याच आगीवरून, पुराव्यावाचून दुसऱ्यावर आळ घ्यावा? निर्गम २०:१६ मधली आज्ञा मेलेल्या माणसाला किंवा छळणाऱ्याला वगळत नाही. प्रकटीकरण १३:१८ मधला आकडा इब्री अक्षरांत नीरो कैसराचा होतो, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असले तरी योहान तेथे फिडलची गोष्ट सांगत नाही. आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या शेवटी कैसराच्या घरच्या पवित्र जनांचा सलाम येतो. हे पत्र रोमहून लिहिले असेल, तर तो वाडा नीरोचा होय.

मागल्या रविवारी वर्गात आम्ही आमची चूक सांगितली. मुलीला म्हणालो, "तुझे दोन मुद्दे बरोबर होते, तिसरा अर्धा." ती म्हणाली, "अर्धा कसा, काका?" मग टॅसिटसचा तो भाग आम्ही मराठीत करून वर्गापुढे वाचला. ती बराच वेळ गप्प होती. नंतर तिने विचारले, "पौलाची सुनावणी नीरोपुढे झाली का?" कृत्ये २८ मध्ये लूक दोन वर्षांपाशी थांबतो, एवढे आम्ही सांगितले. येत्या रविवारी तोच अध्याय घेतला आहे. कादंबरीचा दुसरा भाग ती घेऊन येणार आहे.