कफर्णहूमच्या शताधिपतीची प्रार्थना



मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी आपण सर्वजण मिळून एक छोटीशी प्रार्थना म्हणतो. प्रभूने माझ्याकडे यावे अशी माझी पात्रता नाही, पण त्याच्या एका शब्दाने मी बरा होईन, असा तिचा आशय आहे. ही प्रार्थना मुळात कोणा प्रेषिताची नाही. कफर्णहूम गावात राहणाऱ्या एका परजातीय लष्करी अधिकाऱ्याची ती आहे. शंभर शिपायांवरचा हा अधिकारी, म्हणून त्याला शताधिपती म्हणत. देवाजवळ श्रद्धेने कसे यावे, असे मला कोणी विचारले तर मी या माणसाकडे बोट दाखवीन.

संत मत्तय (८:५-१३) आणि संत लूक (७:१-१०) या दोघांनी ही घटना सांगितली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात शताधिपती स्वतः येशूकडे येतो, तर लूकच्या शुभवर्तमानात तो माणसे पाठवतो. लूकची मांडणी मला अधिक बोलकी वाटते. आधी यहुद्यांचे वडीलधारे येशूकडे जातात आणि त्याची शिफारस करतात. हा माणूस पात्र आहे, त्याचे आपल्या लोकांवर प्रेम आहे, आपले सभास्थान त्यानेच बांधून दिले, असे ते सांगतात. शिफारसपत्राची ही भाषा आपल्या ओळखीची आहे! आमच्या आजोबांनी चर्चला घंटा दिली, आमच्या घरातून क्वायरला तीन माणसे आहेत, आम्ही एकही नोव्हेना चुकवली नाही. सगळे खरे असते, चांगलेही असते. पण संकट आले की हीच यादी आपण हळूच देवापुढे ठेवतो आणि मनासारखे झाले नाही की विचारतो, “एवढे करून मला काय मिळाले?”

येशू त्या वडीलधाऱ्यांबरोबर निघतो. घर जवळ येते तेव्हा शताधिपतीचे मित्र त्याचा निरोप घेऊन येतात. निरोप शिफारशीच्या अगदी उलट आहे. लोक म्हणाले पात्र, तो म्हणतो मी पात्र नाही. सभास्थानाचा तो उल्लेखही करीत नाही. पण एवढे बोलून तो थांबला असता तर आपण त्याला नम्र म्हणालो असतो, श्रद्धावान म्हटले नसते. तो पुढे बोलतो : तू फक्त शब्द बोल, माझा चाकर बरा होईल. कारण मी स्वतः हुकमाचा ताबेदार आहे आणि माझ्या हाताखालीही शिपाई आहेत. ‘जा’ म्हटले की शिपाई जातो, मी त्याच्या मागे पाहायला जात नाही. मग आजार तुझे ऐकणार नाही काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना देवाच्या अस्तित्वाचे पुरावे आम्ही पाठ केले. शताधिपतीचा तर्क त्यात नव्हता. तो आपल्या रोजच्या नोकरीतून विचार करतो. येशूने घरी यावे, हात लावावा, खूण दाखवावी, असे काहीच तो मागत नाही. येशूला या विश्वासाचे आश्चर्य वाटले, असे शुभवर्तमान सांगते. येशूला आश्चर्य वाटल्याचे दोनच प्रसंग शुभवर्तमानांत सापडतात. एक हा, आणि दुसरा नासरेथमधला, स्वतःच्या गावकऱ्यांच्या अविश्वासाचा (मार्क ६:६). बाहेरचा विश्वास ठेवतो आणि घरचे ठेवत नाहीत, हे आपण घरच्यांनी जरा लक्षात घ्यावे.

लॅटिन उपासनेत हे शब्द घेताना ख्रिस्तसभेने एक बदल केला. ‘चाकर’ या शब्दाच्या जागी ‘आत्मा’ हा शब्द घातला. शताधिपती दुसऱ्यासाठी बोलत होता, आपण स्वतःसाठी बोलतो. आजारी आता आपण आहोत.

आपल्यापैकी काहीजण मात्र या प्रार्थनेचा पहिला अर्धाच भाग धरून बसतात. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मागच्या बाकावर किंवा व्हरांड्यात उभे राहतात. कोणाला दहा वर्षे झाली, कोणाला वीस. विचारले तर उत्तर येते, “फादर, माझी लायकी नाही.” यात देवाचा धाक असतो, तो मी कमी लेखत नाही. पण असा धाक ख्रिस्तसभेने पूर्वीही पाहिला आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये यान्सेनवादी विचारांचे वळण आले. १६४३ साली आंत्वान आर्नो या धर्मपंडिताने वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्याविषयी ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी इतकी कडक तयारी सांगितली की भाविक दूर राहण्यालाच भक्ती समजू लागले. थोर विचारवंत पास्कालही याच वर्तुळातला. माणसे प्रामाणिक होती, पण वेदी ओस पडू लागली.

या धाकाची सावली पुढे दोन शतके टिकली. १८८९ साली लिझ्यूच्या मठातून सोळा वर्षांच्या तेरेजाने आपल्या मामेबहिणीला पत्र लिहिले. ती मुलगी मनातल्या शंकाकुशंकांनी त्रासून ख्रिस्तप्रसाद टाळत होती. तेरेजाने तिला सांगितले की भिऊ नकोस, जा. तू दूर राहावेस हेच सैतानाला हवे आहे. पुढे १९०५ साली पोप दहावे पायस यांनी वारंवार, अगदी दररोजही, ख्रिस्तप्रसाद घेण्याची वाट सर्वांना मोकळी केली. अटी दोनच : आत्मा कृपावस्थेत असावा आणि हेतू शुद्ध असावा. केवळ सवयीने, मिरवण्यासाठी किंवा लोकांच्या भिडेने येऊ नये. शेजारचा उठला म्हणून रांगेत लागणाऱ्यांनी ही दुसरी अट पुन्हा एकदा वाचावी.

गंभीर पाप मनात असताना आधी पापनिवेदन करावे, हा नियम आजही तसाच आहे, आणि संत पौलाने करिंथकरांना दिलेला इशाराही (१ करिंथ ११:२७-२९) जुना झालेला नाही. पण नियम वाट दाखवण्यासाठी असतो. पापनिवेदनाची खोली वेदीपासून फार दूर नाही, हे अंतर मी मोजले आहे! लहानसहान दोषांसाठी तर ख्रिस्तप्रसाद हेच औषध आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली हेच लिहिले, की हा संस्कार परिपूर्ण लोकांचे बक्षीस नाही. बरे झाल्यावर डॉक्टरकडे जाईन, असे आपण तापात कधी म्हणत नाही.

काहींचा प्रश्न एका पापनिवेदनाने सुटणारा नसतो. लग्नाची अडचण असते, किंवा एखाद्या धर्मगुरूच्या कठोर शब्दाने मन दुखावलेले असते. त्यांनी मिस्साला येणे सोडू नये. शताधिपती येशूच्या समोरही आला नव्हता, मित्रांकरवी निरोप पाठवत होता, आणि तो निरोपही ऐकला गेला.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांसाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन मी घरोघरी जातो. जवळजवळ प्रत्येक घरात एक वाक्य ऐकू येते, “फादर, घर आवरलेले नाही.” खाटेवर औषधांच्या बाटल्या, कोपऱ्यात कपड्यांचा ढीग. घाईघाईने कोणी मेणबत्ती पेटवते, टेबलावर पांढरे कापड घालते. पसाऱ्याची लाज वाटते म्हणून दार लावून घेतलेले घर मात्र मला अजून भेटलेले नाही. मराठीतला ‘विश्वास’ हा शब्द श्वासाच्या धातूवरून आला आहे, मोकळा श्वास घेणे असा त्याचा मूळ अर्थ. आणि ‘श्रद्धा’ व लॅटिनमधला ‘क्रेदो’ हे शब्द एकाच कुळातले मानले जातात. हृदय एखाद्या ठिकाणी ठेवणे असा त्यांचा भाव. त्या घरातली आजी उशीवरून मान उचलते, तोंड उघडते आणि आमेन म्हणते, तेव्हा या दोन्ही शब्दांचा अर्थ मला पुस्तकापेक्षा जास्त कळतो.

तेव्हा पुढच्या रविवारी ही प्रार्थना म्हणताना ‘पात्र नाही’ या शब्दापाशी थांबू नका, वाक्य पूर्ण म्हणा. बऱ्याच वर्षांत पापनिवेदन केले नसेल आणि प्रार्थना आठवत नसेल, तर तेवढेच येऊन सांगा. पुढचे आपण मिळून म्हणू. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साआधी मी पापनिवेदनासाठी बसलेला असतो. ज्यांना आधी नुसते बोलायचे आहे, त्यांनी घरी या, चहा घेऊ.

तुमचा फादर
(प्रमुख धर्मगुरू)