कुठं निघालात?

पासपोर्टसाठी जन्माचा दाखला हवा होता, म्हणून स्वारगेटहून सकाळची एसटी धरून वाईला गेले. भावाला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर वहिनीनं पुरण शिजत घातलं असतं, आणि मला दुपारच्याच गाडीनं पुण्याला परतायचं होतं. पावणेअकराला कचेरीच्या खिडकीपाशी उभी राहिले. आतला मुलगा मान वर न करता म्हणाला, "सर्व्हर डाऊन आहे. तीननंतर या."

म्हणजे चार तास. जन्मगावात, काहीही काम नसलेले आणि कुणालाही न सांगितलेले. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी असं पहिल्यांदाच घडत होतं.

१. आपल्या गावात उगीच हिंडता येत नाही. पुण्यात मी लक्ष्मी रस्त्यानं उलटी चालत गेले तरी कुणी विचारायचं नाही. वाईत पहिल्या पन्नास पावलांत तिघांनी विचारलं, "कुठं निघालात?" पहिल्याला म्हटलं, "इथंच." दुसऱ्याला, "जरा गणपतीला." तिसऱ्या होत्या आईच्या ओळखीतल्या एक आजी. त्यांच्याशी खोटं बोलवेना, म्हणून म्हटलं, "असंच." त्या थांबल्याच. माझा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "घरी सगळं बरं आहे ना गं?" भर सकाळी बाईमाणूस विनाकारण रस्त्यावर दिसलं तर काहीतरी बिनसलेलंच असणार, हा त्यांचा हिशेब. खोटं कशाला बोलू, माझाही तोच असता. शेवटी मंडईत दहा रुपयांची मेथीची जुडी घेतली आणि हातात धरून चालू लागले. त्यानंतर तासभर एकानंही हटकलं नाही. मेथी हातात असली की बाई कामाला निघालेली असते.

२. वाईत हरवता येत नाही. मी प्रयत्न केला. प्रवासवर्णनं लिहिणारे सांगतात ना, परक्या शहरात मुद्दाम वाट चुकावी. म्हटलं, आपल्याच गावात चुकून बघू. नेहमीचा रस्ता सोडून एका बोळात शिरले. मग त्याहून अरुंद दुसऱ्या बोळात. दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं मागं सरावं इतकाच तो रुंद. एका बाजूला पांढऱ्या मातीची भिंत, तिच्यातून उगवलेला पिंपळ, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतीचं पार्किंग. वळले, परत वळले, आणि समोर पायऱ्या. खाली कृष्णा. दुसऱ्यांदा केलं, परत कृष्णा. या गावातला प्रत्येक उतार नदीला मिळतो. डोक्यानं कितीही आडवाटा काढल्या तरी पावलं उताराकडंच ओढली जातात. लहानपणी "घाटावर जाऊ नको" हे आई एवढ्यांदा का बजावायची ते आत्ता कळलं. दुसरीकडं जायला रस्ताच नव्हता.

३. मी वाईची नव्हतेच, मधल्या आळीची होते. हे जरा लाजत लिहिते आहे. पुण्यात गेली तीस वर्षं मी "आम्ही वाईचे" म्हणून मिरवते. वाईत घाटांच्या सात आळ्या : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. प्रत्येकीची कृष्णाबाई वेगळी, उत्सवाचे दिवस वेगळे. माघापासून फाल्गुनापर्यंत एकीमागून एकीचा मांडव घाटावर पडतो. अफजलखान वाईत उतरला होता तेव्हा, शिवाजीराजांवरचं संकट टळू दे, असा कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि तेव्हापासून हा उत्सव सुरू झाला, असं आम्हांला सांगितलेलं. १६५९ साली नोव्हेंबरात प्रतापगडाखाली काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवस फिटला, उत्सव राहिला. आम्ही मुली आमच्या उत्सवात पंगतीत वाढायचो आणि दुसऱ्या आळीच्या आमटीला नावं ठेवायचो, ती न चाखता. भीमकुंडाच्या घाटावर मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाच मिनिटं बसले. घरापासून चालत दहा मिनिटांवर! तिथं मांडवाचे बांबू उभे करणं चाललं होतं. एक पोरगा सुतळीची गाठ दातांनी ओढत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मेथीकडं पाहिलं, आणि कामाला लागला.

४. देवाला पाठीमागून कुणी बघत नाही. ढोल्या गणपतीसमोर मी शेकडो वेळा हात जोडले असतील. एकाच काळ्या दगडातून घडवलेली ती भलीथोरली मूर्ती, गाभाऱ्यात मावते की नाही अशी बसलेली. तिच्यापुढं परीक्षेचे, लग्नाचे, नोकरीचे सगळे अर्ज करून झाले. पण देवळाची मागची बाजू पाहायला कोण जातं? त्या दिवशी नदीच्या पात्राकडं उतरले होते म्हणून वळून पाहिलं. मागची भिंत सरळ नाही. माशासारखी निमुळती होत गेलेली आहे, पुराचा लोंढा आदळला तर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. पुढून देव आणि मागून नाव! बांधणाऱ्यानं नदीशी भांडण मांडलेलं नाही, तिला वाट करून दिली आहे. मी तिथं चपला काढून उभी राहिले. भक्तीनं नव्हे, नवी चप्पल चावत होती.

५. माहिती सांगण्याची घाई करू नये. देवळासमोर मुंबईच्या एका कुटुंबानं विचारलं, "हे कुणी बांधलं?" माहेरवाशिणीच्या अधिकारानं मी ठोकून दिलं, "नाना फडणीसांनी." दूर्वांची टोपली घेऊन बसलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, "काकू, नाना फडणीसांचा वाडा मेणवलीला. हे रास्त्यांनी बांधलं. सतराशे बासष्ट." मुंबईकर त्याच्याकडं वळले. मी दूर्वांची जुडी विकत घेतली, दुसरं काय करणार? आता माझ्याकडं दोन जुड्या.

पण ते साल डोक्यातून जाईना. १७६२. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळही रास्त्यांचंच, ते १७५७चं. तिथल्या नंदीशेजारी टेकले आणि आठवू लागले. पेशव्यांची गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घरची, म्हणजे वाईची माहेरवाशीण. थोरला विश्वासराव पानिपतावर पडला जानेवारी १७६१मध्ये. त्याच साली जूनमध्ये नवरा, नानासाहेब गेले. पुढं १७७२ला माधवराव थेऊरला, १७७३ला नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून. हे सगळं तिच्या हयातीत. म्हणजे आम्ही ज्याला लाडानं ढोल्या म्हणतो तो पानिपतच्या दुसऱ्या वर्षीचा देव आहे. या दोन सालांत धागा ओवायला मी कुणी इतिहासकार नाही, खऱ्या इतिहासकाराला हसू येईल. पण मुलगा आणि नवरा एका वर्षात गमावलेली बाई माहेरी आली असेल का, तिला कुणी बोळात हटकलं असेल का, "कुठं निघालात?" म्हणून, हे मनात आल्यावर मला तिथून चटकन उठता येईना.

६. गावातलं ज्ञान गावातल्यांसाठी नसतं, अशी आपणच समजूत करून घेतो. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय. आमच्या लहानपणी वडिलांना काही विचारलं आणि उत्तर येत नसलं की ते म्हणायचे, "विश्वकोशात जाऊन विचार." मला खरंच वाटायचं की तिथं सगळं माहीत असलेली माणसं ओळीनं बसलेली असतात. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली पहिला खंड निघाला १९७६ला, विसावा २०१५ला. एकोणचाळीस वर्षं! तेवढ्यात माझी शाळा, कॉलेज, लग्न, मुलीचं लग्न सगळं उरकलं. इमारतीसमोरून गेले, आत जायचं धाडस झालं नाही, हातात मेथी. मग घाटावर बसून मोबाइलवर विश्वकोशातली 'वाई' ही नोंद उघडली. आमच्या गावात संपादित झालेली, आमच्याच गावाची नोंद मी चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा वाचत होते. 'दबंग'चं शूटिंग कुठं झालं हे मात्र मला पायरीगणिक ठाऊक होतं.

७. नदी आपल्या गावाची नसते. माझी धाकटी बहीण सांगलीला दिलेली. पावसाळ्यात तिचा पुण्याला फोन येतो, "धोम धरणातून किती सोडलं गं?" जणू चावी माझ्याकडंच! मी दरवेळी सांगते की तुमच्याकडच्या पाण्यात मोठा वाटा कोयनेचा, ती कऱ्हाडला मिळते, आमच्या कृष्णेला कशाला बोल लावतेस. माहेरची बाजू घ्यायचीच. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं आणि बहिणीचा तळमजला आठवडाभर पाण्यात होता. तिच्या लग्नातला शालू त्यात गेला. दुपारी घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसले तेव्हा पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होतं. त्यात कुणीतरी सोडलेलं निर्माल्य, एक प्लास्टिकची पिशवी आणि वासही, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हेच पाणी खाली तिच्या दारावरून जाणार. पिशवी काठीनं ओढून काढली. बाकीचं तसंच गेलं.

८. चोरून आलेली माहेरवाशीण अडीच तासांहून जास्त लपत नाही. सव्वाला भावाचा फोन. "अक्का, घाटावर मेथी घेऊन काय बसलीयेस?" मेथीसुद्धा पोचली होती! घरी गेले. वहिनी रागावलेली, म्हणजे बोलत होती पण माझ्याकडं न बघता. "वन्सं, परक्यासारखं वागायचं होतं तर आलातच कशाला?" याला उत्तर नव्हतं. मेथी तिच्या हातात दिली. तिनं ती निवडता निवडता विचारलं, "कितीला दिली?" म्हटलं, "दहा." "फसवलंन तुम्हांला," ती म्हणाली आणि हसली. मग भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. दूर्वा देव्हाऱ्यात गेल्या.

तीनला भाऊ स्कूटरवरून कचेरीत सोडायला आला. सर्व्हर अजून आलेला नव्हता. "मंगळवारी चक्कर टाका," खिडकीतला मुलगा म्हणाला. परवा मंगळवार आहे. भावाला अजून कळवलेलं नाही.